गुरुवारची वही

माझ्या वहीत सोमवार बहुधा कोरा असतो.
दोन दिवस घरच्या हवेत झोपलेली पोरं
लालबुंद गालांनी येतात, बुटांतला बर्फ दारात झटकतात.
मंगळवारी एखादं डोकं दुखतं.
बुधवारी डोळे चुरचुरतात.
गुरुवारी माझ्या दाराबाहेरच्या बाकावर
बसायला जागा उरत नाही.

मी तुइरे हाक्कारायनेन, इथली नर्स.
अठरा वर्षं याच खोलीत
उंची मोजते, वजन मोजते, सोंगं ओळखते.
गणिताच्या चाचणीआधीचं पोट कसं दुखतं
ते मला पोटाला हात न लावता कळतं.
हे तसं नव्हतं.

ओइवा नऊ वर्षांचा.
नाकातून रक्त आलं की आपणच मान पुढे झुकवायचा,
आपणच कापूस मागायचा,
वर मलाच समजवायचा, "आज थोडंच आहे."
कुठल्या पोराला
स्वतःच्या रक्ताची इतकी सवय असावी?

म्हणून ही वही. तारीख, वर्ग,
आणि बाक कोणत्या भिंतीशी.
हा तिसरा रकाना मी उगाच आखला होता.
नोव्हेंबर सरता सरता, दुपारी तीनलाच दिवे लागू लागले तेव्हा
तोच एकटा बोलायला लागला:
उत्तरेची भिंत. उत्तरेची भिंत.
खिडकीजवळ.
उत्तरेची भिंत.

नगरपालिकेची दोन माणसं आली.
टेबलावर यंत्र ठेवलं, कॉफी घेतली,
आकडे मर्यादेत आहेत म्हणाली.
कोणाच्या मर्यादेत, हे विचारायचं मला
त्यांची गाडी वळणाआड गेल्यावर सुचलं.

ओइवाची आई त्याचा कोट रात्रभर
बाहेर टांगून ठेवते, उणे वीसमध्ये.
सकाळी कोट फळीसारखा ताठ,
तरी त्याला वास,
बटाट्याच्या तळघराचा,
जिथे मागच्या वर्षीचं पोतं विसरलंय.
भिंतीला कान असतात म्हणतात.
आमच्या भिंतीला श्वास होता,
आणि तो पोरांच्या वाट्यातला.

फेब्रुवारीत, स्कीच्या सुट्टीत, शाळा रिकामी असताना
रेइयोनं पटाशी घेतली.
रेइयो म्हणजे शिपाई, सुतार, प्लंबर, सगळं तोच.
मला बोलावलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.
फळीच्या मागे काळं, ओलं, खरवसासारखं मऊ काहीतरी,
आणि एक पाइप,
घाई नसलेल्या माणसासारखा ठिबकत.
"डाग वर आला की रंग द्यायचो," तो म्हणाला.
"दर दोन वर्षांनी. पिवळा. पोरांना आवडतो म्हणून."
मग तो पायरीवर जाऊन बसला,
टोपी न घालता, त्या थंडीत.

माणसं दुखणं अंगावर काढतात.
या इमारतीनं आपलं दुखणं
पोरांच्या अंगावर काढलं.

आता वर्ग पत्र्याच्या खोल्यांत भरतात.
छतावरून बर्फ घसरला की सगळे एका सुरात ओरडतात,
बाई रागावतात, पण हसू दाबून.
वाचनालयातली पुस्तकं, लोकरीचं घुबड,
तिसरीच्या मुलांनी केलेला जगाचा नकाशा:
सगळं प्लास्टिकमध्ये बांधून नेलं,
परत आणायचं नाही, या अटीवर.
नगरपालिकेचं पत्र आलं. त्यात "खेद" हा शब्द एकदा आहे,
"अंदाजपत्रक" चारदा.

ओइवा बरा आहे असं लिहायला आवडलं असतं.
तो मामाकडे, दुसऱ्या गावच्या शाळेत जातो.
खिशात फवारा असतो,
आणि नव्या खोलीत शिरताना
दारातच थांबून, आधी हुंगतो.

काल गुरुवार होता.
बाकावर एकटीच पिहला, पोट धरून,
डोळे घट्ट मिटलेले, एक किंचित उघडा.
"गणित?" मी विचारलं.
तिनं मान हलवली.
किती दिवसांनी भेटलं हे,
निखळ, तंदुरुस्त, धादांत खोटं दुखणं!
तिला मी पाव तास झोपू दिलं.

तरी वहीत नोंद केली.
तारीख. वर्ग.
तिसरा रकाना
मी अजून आखते.